रेषेपासून दोन बोटं

बाळांनो, जरा त्या टिल्लीच्या शेजारी येऊन उभे राहा. तिने रॅकेट डाव्या हातात घेतली आहे आणि ती वाकून जमिनीकडे पाहते आहे. जमीन लाल आहे. विटांचा बारीक भुगा पसरून, पाणी मारून, रोलर फिरवून केलेली. टेनिसच्या अशा मैदानाची एक गंमत असते. चेंडू जिथे पडतो तिथे खूण ठेवून जातो, अंगठा उमटावा तशी. म्हणून शंका आली की पंच उंच खुर्चीवरून खाली उतरतात, खूण शोधतात आणि मगच निकाल देतात. पण खेळाडूने स्वतःच ती खूण पुसली, तर चेंडू आत पडला हे त्याने मान्य केलं, असा नियम आहे. मग पंचांनाही काही बोलता येत नाही.

आता खूण बघा. पांढऱ्या रेषेच्या बाहेर आहे. मध्ये दोन बोटं सहज मावतील.

चेंडू मारला होता टिल्लीच्या सख्ख्या ताईने. मोठ्या स्पर्धेतली मुलींची फायनल, शेवटचा सेट, आणि ताईला जिंकायला हा एकच गुण हवा होता. चेंडू बाहेर ठरला तर खेळ पुढे चालणार होता, आणि टिल्लीचा हात त्या दिवशी असा काही चालला होता की पुढे काय होईल ते बघणाऱ्या सगळ्यांना दिसत होतं. जी जिंकेल तिला लांबच्या नावाजलेल्या क्रीडा प्रबोधिनीत राहून शिकायला मिळणार होतं. जागा एकच होती.

ताईचं या वयोगटातलं हे शेवटचं वर्ष. बाबांनी आदल्या संध्याकाळी जेवताना हे दोनदा सांगितलं, आणि दोन्ही वेळा टिल्लीला वाढता वाढता सांगितलं. ‘तू हर’ असं ते म्हणाले नाहीत. बाबा हुशार होते. तुझ्यापुढे अजून बरीच वर्षं पडलीत टिल्ले, एवढंच म्हणाले. आईने पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला. ताई मान खाली घालून जेवत राहिली.

टिल्लीच्या हातात रॅकेट आली होती तीच मुळी ताईच्या सरावाला समोर कुणीतरी हवं म्हणून. बाबा तिला कौतुकाने ‘आमची भिंत’ म्हणायचे. या भिंतीला पगार नाही, दोन वेळचं जेवण घातलं की झालं, असं पाहुण्यांना सांगून हसायचे. टिल्लीही हसायची. रोज ताईचा चेंडू परत करता करता ती इतकी तयार झाली की घरात त्याबद्दल बोलणं सगळ्यांनी टाळायला सुरुवात केली.

आज तिने हरायचा प्रयत्न केला नव्हता असं नाही. दोनदा चेंडू मुद्दाम जाळ्यात मारायचं ठरवलं. पण हात ऐन वेळी ऐकेना, चेंडू पलीकडच्या कोपऱ्यात जाऊन पडे.

आता पंचबाईंना नीट दिसलं नव्हतं. त्या खुर्चीवरून उतरू लागल्या. टिल्लीने मान वर केली. आपल्या फटक्यामागे धावत ताई जाळ्यापाशी आली होती, आणि तीही त्याच खुणेकडे बघत होती. दोघींची नजरानजर झाली. टिल्ली थांबली. ताईने रॅकेटच्या तारा बोटांनी सरळ करायला घेतल्या, त्या सरळच होत्या.

टिल्लीने खुणेवर बूट ठेवला आणि घासला.

पंचबाई शिडीवरच थबकल्या. टिल्ली अजूनही ताईकडेच बघत होती. आता म्हणेल, आत्ता म्हणेल, वेडे, बाहेर होता की गं. ताईने जाळ्यावरून हात पुढे केला. टिल्लीने जाळ्यापाशी जाऊन तो हातात घेतला. तो गार होता आणि घामाने ओला होता. टाळ्या वाजू लागल्या. सगळ्यांत आधी बाबांच्या.

कपडे बदलायच्या खोलीत दोघीच होत्या. ताईने कप बाकावर ठेवला, मग उचलून बाकाखाली ठेवला. बराच वेळ ती बुटाची नाडी सोडत बसली.

“बाहेर होता,” ती शेवटी म्हणाली.

“माहितीये.”

“बाबांनी सांगितलं होतं का तुला? पुसायला?”

“नाही.”

“मग का पुसलीस?”

“तू बोलतेस का बघायचं होतं.”

ताईचे हात नाडीवरच राहिले. तिचा चेहरा लाल झाला, मग फिका पडला. घाईघाईने तिने बरंच काही सांगितलं. तिथे जायचं हे तिने किती वर्षं मनात धरलं होतं, बाबा घरी काय बोलले असते, टिल्लीला ते कधीच बोलत नाहीत म्हणून तिला कळायचं नाही. हे सगळं खरं होतं, टिल्लीला ते माहीत होतं, आणि म्हणूनच ऐकवत नव्हतं.

“पुढच्या वर्षी तूच जिंकशील,” ताई म्हणाली. “तुझ्यापुढे कोण टिकणारे?”

“पुढच्या वर्षी तू नसशील.”

तेवढ्यात दारावर थाप पडली. बाहेरून बाबांचा आवाज आला, अगदी खुशीत. आवरा पटापट, अर्ध्या तासात दुहेरीची फायनल आहे, आज दोन्ही कप घरी न्यायचेत. मग आवाज खाली आणून, फटीला तोंड लावून ते म्हणाले, “टिल्ले, शहाणी आहेस हो तू.”

दुहेरीत दोघी बहिणी एका बाजूने खेळत. मागची जागा टिल्लीची, पुढची ताईची. ताईने डोळे पुसले, टिल्लीसाठी कोरडा टॉवेल काढला आणि समोर धरला. टिल्लीने तो घेतला, घडी घालून ताईच्या बाजूला ठेवला आणि दार उघडून बाहेर पडली. बाबा फोटोवाल्याशी बोलत होते. ती त्यांच्या पाठीमागून निघून गेली.

मुख्य पंचांच्या टेबलाशी जाऊन तिने सांगितलं, दुहेरीतून माझं नाव काढा.

“काय गं, पाय मुरगळला का?” त्यांनी आपुलकीने विचारलं. डॉक्टरांना बोलावू का, असंही म्हणाले.

काही लागलेलं नाही, असं ती म्हणाली.

“मग कारण काय लिहू? उगाच कसं नाव काढणार, बाळा? फायनल आहे.”

“मला जोडीदार नाही.”

ते हसले. बाहेर ताईचं नाव पुकारून लोक अजून टाळ्या वाजवत होते. मग त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि ते हसायचे थांबले. ती जागची हलली नाही. शेवटी त्यांनी पेन उचललं.

त्यांचं लिहून होईपर्यंत टिल्ली उभी राहिली. मग समोरच्या बाकावर जाऊन बसली आणि बाबांची वाट पाहू लागली.