दुसऱ्या बॅटरीची काळी वायर

विश्वंभर खाचणे रेल्वेतून निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, पण त्यांच्यातली रेल्वे काही निवृत्त झाली नव्हती. चौतीस वर्षं झाशीच्या यार्डात डब्यांच्या दिव्यापंख्यांची वायरिंग सांभाळलेला माणूस. घरातला पंखा जरा कुरकुरला तरी त्यांना तो आपला अपमान वाटे. त्यामुळे मुलीच्या जीपमध्ये दुसरी बॅटरी बसवायची आहे हे कानावर पडलं, आणि हे सकाळी सातलाच बूट चढवून तयार.

शर्वरी जनावरांची डॉक्टर. एका संस्थेच्या जीपमधून ती बरुआसागरच्या पलीकडे, धड रस्ताही नसलेल्या गावांत शेळ्यांना लस टोचत फिरायची. लस थंड राहावी म्हणून गाडीत छोटा फ्रिज होता. तो इंजिनच्या बॅटरीवर चालवला की रात्रीतून बॅटरी उतरायची आणि सकाळी गाडी सुरूच व्हायची नाही. म्हणून मागच्या सीटखाली फ्रिजसाठी वेगळी बॅटरी, आणि दोन्ही बॅटऱ्यांच्या मध्ये एक डबी. इंजिन चालू असलं की ही डबी दोघींना जोडणार, म्हणजे मागचीही चार्ज होणार. इंजिन बंद झालं की तोडणार. झाशीतल्याच खंडेराव गेटजवळच्या मुकेश मिस्त्रीने असल्या बऱ्याच गाड्या केल्या होत्या. ही नीट झाली तर संस्थेच्या आणखी तीन जीप त्याच्याकडेच येणार होत्या.

मुकेश चाळिशीचा, तोंडाने कमी आणि हाताने जास्त बोलणारा. गॅरेजात त्याने नव्या बॅटरीच्या निगेटिवला जाड काळी वायर लावली आणि तिचं दुसरं टोक गाडीच्या लोखंडाला बोल्टने आवळलं. विश्वंभररावांनी त्याचं मनगटच धरलं.

"ये क्या कर रहे हो?"

"निगेटिव है, बाबूजी. बॉडी में दे रहे हैं."

"बॉडी में? हमारे यहाँ बॉडी में तार छू जाए तो डिब्बा यार्ड से बाहर नहीं निकलता था."

यात खोटं काही नव्हतं. रेल्वेच्या डब्यात वीज जाते एका वायरने आणि परत येते दुसऱ्या वायरने. लोखंडाशी तिचा संबंध आला की आग लागायची भीती. हे विश्वंभररावांच्या हाडात मुरलेलं होतं.

"बाबूजी, गाड़ी में बॉडी ही वापसी का तार है," मुकेश हळूच म्हणाला.

"होगा तुम्हारे यहाँ. खोलो इसे."

शर्वरी बाहेर फोनवर बोलत होती. मुकेशने तिच्याकडे पाहिलं, विश्वंभररावांच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं, आणि बोल्ट काढला. मग विश्वंभररावांनी स्वतः बॅटरीखाली रबर घातलं आणि फ्रिजच्या दोन्ही वायरी थेट बॅटरीला जोडल्या. इंजिन सुरू करताच डबीवरचा हिरवा दिवा लागला, फ्रिजही गार झाला. विश्वंभररावांनी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

सोमवारी गेलेली शर्वरी शनिवारी यायची होती, ती बुधवारी दुपारीच घरी आली.

"फ्रिज सकाळीच बंद पडला होता. दोनशे लशी फेकून द्याव्या लागल्या," ती खुर्चीत बसत म्हणाली. "लोक शेळ्या घेऊन दोन तास उभे होते, बाबा. सहा महिने त्यांच्या मागे लागले तेव्हा कुठे तयार झाले होते. आता पुन्हा कशाला येतील?"

तिच्या आईने, उषाताईंनी, तिच्यापुढे पाणी ठेवलं. ते तसंच राहिलं.

"मुकेश भैयांना फोन केला, तर म्हणाले, 'मुझसे ही कुछ रह गया होगा, मैडम.' म्हणजे कबूलच झालं. बाकीच्या गाड्या त्यांना देऊ नका, असं मी आज संस्थेला सांगून टाकणार आहे."

विश्वंभररावांच्या हातातला घास हातातच राहिला. मुकेश असा काही विसरणारा माणूस नाही, हे त्यांनी त्या एका सकाळीच पाहिलं होतं. ते ताटावरून उठले आणि मीटर घेऊन अंगणात जीपपाशी गेले.

त्यांनी इंजिन सुरू केलं. डबीवर हिरवा दिवा लागला. मीटरची एक तार मागच्या बॅटरीच्या पॉझिटिवला, दुसरी तिच्याच निगेटिवला लावली. मीटरवर अकरा व्होल्ट. म्हणजे बॅटरी उपाशी. मग दुसरी तार त्यांनी गाडीच्या लोखंडाला टेकवली. चौदा. चार्ज व्हायला लागतात तेवढे. त्यांनी पुन्हा पाहिलं. चौदाच.

वीज दारापर्यंत येत होती, पण तिला परतायची वाटच नव्हती, म्हणून ती आत शिरतच नव्हती. हिरवा दिवा लागला तो डबीला तिची स्वतःची वाट होती म्हणून. मुकेशने बसवण्याआधी भरून ठेवलेल्या चार्जवर फ्रिज दोन दिवस चालला आणि मग थांबला. जी वाट हवी होती, ती विश्वंभररावांनीच हुकूम देऊन उखडली होती.

काळी वायर सीटखाली गुंडाळून पडलेली होती. एक बोल्ट आवळला की दोन मिनिटांचं काम, आणि कुणाला कळलंही नसतं. विश्वंभररावांनी वायर उचलली, पाना हातात घेतला. चौतीस वर्षांत आपल्या नावावर एक ठपका नाही, असं ते लेकीला लहानपणापासून सांगत आले होते. त्यांना स्वतःचीच लाज वाटली. त्यांनी पाना खाली ठेवला.

"शर्वरी, चल," त्यांनी दारातून हाक मारली. "जीप घेऊन मुकेशकडे जायचंय. फोन नंतर कर."

गॅरेजात मुकेश एका गाडीखाली होता. तो बाहेर येऊन हात पुसेपर्यंत विश्वंभरराव थांबले. मग म्हणाले, "शर्वरी, यांचं काही राहिलं नव्हतं. यांनी बरोबर जोडलं होतं, मी काढायला लावलं. तुझ्या लशी माझ्यामुळे गेल्या."

शर्वरीने बापाकडे पाहिलं. तिला राग आला होता, तो तिने लपवला नाही. मग ती मुकेशकडे वळली. "भैया, आपने बताया क्यों नहीं?"

"बेटी के सामने बाप को गलत कैसे कहते, मैडम," मुकेश म्हणाला.

विश्वंभररावांचे डोळे भरून आले. त्यांनी शर्वरीपुढे हात केला. "संस्थेला फोन लाव आणि मला दे."

"राहू द्या बाबा, मी सांगते काहीतरी."

"काहीतरी नको."

तिने फोन लावून दिला. खणखणीत आवाजात ते म्हणाले, "नमस्कार जी. मैं शर्वरी का पिता, विश्वंभर खाचणे. जीप में जो गड़बड़ हुई वो मेरी है, मिस्त्री की नहीं. बाकी गाड़ियाँ आप इन्हीं को दीजिए." पलीकडचे साहेब काय काय बोलले ते त्यांनी मुकाट्याने ऐकून घेतलं. नंतर शर्वरी स्वतः बोलली आणि नव्या लशी शुक्रवारपर्यंत मिळतील का, ते विचारू लागली.

मुकेशने तेवढ्यात काळी वायर आवळून टाकली. इंजिन सुरू करून बॅटरीला मीटर लावला, चौदा आले. पाना ठेवत तो म्हणाला, "बाबूजी, तीन गाड़ियों का तार खींचना है. आपके जैसी सफाई हमसे नहीं आती. सोमवार से आ जाइए."

विश्वंभररावांना निवृत्तीनंतर कामावर या, असं कुणीच म्हटलं नव्हतं.

"आऊँगा," ते म्हणाले. "जैसा तुम बोलोगे, वैसा ही जोड़ूँगा."