निवेदिताआत्या घराकडे पळाली तेव्हा

श्रिया आता वेलिंग्टनला नोकरी करते आणि बेसबॉलचा सामना असला की जेवणखाण विसरते. हे वेड लागलं ते २००६ च्या मार्चमध्ये, ऑकलंडला, हिल्सबरोच्या मैदानावर. तेव्हा ती दहा वर्षांची होती.

त्या शनिवारी हिल्सबरो आणि पापाटोएटो या दोन क्लबांच्या बायकांचा सॉफ्टबॉलचा सामना होता. सॉफ्टबॉल म्हणजे बेसबॉलचंच भावंड. चेंडू जरा मोठा, मैदान जरा लहान. एकाच शहरातले हे क्लब, पण एकमेकांना पाण्यात बघायचे. हिल्सबरोकडून श्रियाची निवेदिताआत्या खेळत होती. ती पुण्याहून शिकायला आली आणि इथलीच झाली. पापाटोएटोला राहणारी मावसबहीण प्राची मात्र त्यांचा निळा टी-शर्ट घालून श्रियाला खेटून बसली होती.

"तुमचं आज काही खरं नाही," प्राची म्हणाली.

श्रियाचे बाबा, चारुदत्त, पक्के क्रिकेटवाले. बहिणीच्या आग्रहाखातर आले होते आणि पेपर वाचत होते.

शेवटच्या डावात तीन-तीन अशी बरोबरी होती. हिल्सबरोच्या दोघी बाद झालेल्या. तिसरी गेली की डाव संपणार. निवेदिता बॅट घेऊन उभी राहिली. पहिल्याच चेंडूवर तिने असा फटका हाणला की चेंडू दोन क्षेत्ररक्षकांच्या मधून थेट कुंपणाला लागला. ती मैदानाच्या कोपऱ्यांवरच्या बेसवरून धावत सुटली: पहिला बेस, दुसरा, तिसरा. तिथे ती थांबली. आता फक्त सुरुवातीची जागा, म्हणजे 'घर', गाठायचं होतं. गाठलं की धाव, आणि धाव झाली की सामना जिंकला.

बाबांनी पेपर बाजूला ठेवला.

पापाटोएटोच्या पिचरने पुढचा चेंडू टाकला. तो जमिनीवर आपटला, घरामागे बसलेल्या कॅचरच्या हातमोज्याला घासून मागे पळाला. निवेदिता सुसाट सुटली.

"पळ, निवे, पळ!" बाबा बाकावर उभे राहून ओरडत होते. त्यांना इतकं ओरडताना श्रियाने कधीच पाहिलं नव्हतं. प्राचीने तिचं मनगट गच्च धरलं होतं.

कॅचरने चेंडू उचलून फेकला. घर राखायला धावत आलेल्या पिचरने तो झेलला; घर गाठण्याआधी चेंडू अंगाला लावला तर निवेदिता बाद. त्याच क्षणी निवेदिताने पाय पुढे करून जमिनीवर अंग झोकून दिलं. धुळीत काही दिसेना. अंपायर वाकून बघत राहिला. मग त्याने दोन्ही हात आडवे पसरले. सेफ, म्हणजे बाद नाही!

श्रिया कशी मैदानात पोचली, तिलाच कळलं नाही. आत्याची मांडी खरचटून लाल झाली होती आणि ती हसत होती. तिने श्रियाला उचललं, तशा संघातल्या बाकीच्या बायका दोघींवर येऊन कोसळल्या.

गाडीपाशी पोचल्यावर प्राची श्रियाकडे वळली. म्हणाली, "पुढच्या महिन्यात आमच्या मैदानावर या. तेव्हा बघू."

बाबा आत्याला विचारत होते, "दहा वर्षांच्या मुलींना घेतात का गं तुमच्या क्लबात?"