लिंबावरच्या अळ्या

“हे परत करून या,” खिडकीशी पलंगावर पडलेली काकांची बायको म्हणाली. “नुसत्या पाकळ्यांचा गठ्ठा. आत मध कुठंय? बडा घर पोकळ वासा.”

रोपवाल्याने भारी परदेशी जात म्हणून गळ्यात मारलेली ती कुंडी काकांनी खाली ठेवली. “मग लावू तरी काय?”

“लिंबू लावा. अडुळसा लावा. कुंपणाबाहेरची रुई आत आणा. इथलं झाड इथल्या जिवांच्या ओळखीचं असतं.”

“रुई? ती उकिरड्यावर उगवते.”

“मग फुकट मिळेल.”

काकांना हसू आलं. हल्ली हसायची सवय सुटली होती. डॉक्टरांनी तिला घरी न्यायला सांगितलं त्याला महिना होत आला होता, आणि घरी न्या म्हणजे काय, हे दोघांनाही कळत होतं. तिने मागितलं ते एवढंच. लोकांच्या बागा फवारण्यात काकांचा जन्म गेला, कपड्यांना कायम औषधाचा वास. त्यांच्या स्वतःच्या अंगणात कधी फुलपाखरू उतरलं नाही. ते एकदा बघायचं होतं तिला. ज्यांचा आयुष्यभर काळ होऊन हिंडलो त्यांनाच आता आवतण द्यायचं, असं मनात म्हणत काकांनी खड्डे खणले. लिंबाचं चांगलं कमरेएवढं झाड आणून तिच्या नजरेसमोर लावलं.

लिंबू रुजलं, कोवळी पालवी फुटली. काका रोज पाणी घालायचे, ती पलंगावरून हुकूम सोडायची. संसारात कधी नव्हत्या एवढ्या गप्पा त्या दिवसांत झाल्या.

मग एका सकाळी काकांना पालवी कुरतडलेली दिसली. पानोपानी अळ्या. तिचं झाड खातायत, एवढंच त्यांच्या डोक्यात आलं. अडगळीच्या खोलीतला फवारणीचा पंप कधी पाठीवर चढला, नळी कधी उचलली, त्यांचं त्यांनाच कळलं नाही. जित्याची खोड. फवारा नेहमीसारखा साफ बसला. एकही सुटली नाही.

“आता खाऊन दाखवा म्हणावं,” ते खिडकीशी येऊन म्हणाले.

तिने मान उचलून झाडाकडे पाहिलं.

“अहो, तीच फुलपाखरं होती,” ती म्हणाली. “रोज बघत होते मी. पंख फुटले की तुम्हाला दाखवणार होते.”

काकांना हे ठाऊक नव्हतं का? अळीचं पुढे काय होतं, ते त्यांना पाठ होतं. पण हात आधी चालला होता. ते बादली घेऊन झाडाशी बसले आणि ओल्या फडक्याने एकेक पान पुसू लागले.

“राहू द्या आता,” ती आतून म्हणाली. “पाठ धरेल तुमची.”

तिच्या आवाजात राग असता तर त्यांना बरं वाटलं असतं. ते अंधार पडेपर्यंत पुसत राहिले.

पानांवर पुन्हा अंडी दिसायला बराच काळ गेला. तेवढा तिच्यापाशी नव्हता.

तिचे दिवस होऊन गेल्यावर एकदा शेजारी कुंपणाशी आला. जन्मभर काकांकडूनच बाग फवारून घेतलेला माणूस. “काका, लिंबाची पार चाळण झालीय. दिसत नाही का तुम्हाला?”

“दिसतंय की.”

“मग औषध मारा. तुमच्याने होत नसेल तर मी मारतो, माझ्याकडे आहे पंप.”

“नको. खाऊ दे त्यांना,” काका म्हणाले. “तिने बोलावलंय.”

शेजारी ऐकण्यातला नव्हता. तो पंप पाठीला लावूनच परत आला, तेव्हा काका झाडापुढे खुर्ची टाकून बसले होते. तो थोडा वेळ घुटमळला. काका उठले नाहीत.