सूर्यभानची जीभ

खुशालरावानं माह्या बापाले कारखान्याच्या गेटवर, पाळी सुटायच्या टायमाले, साऱ्या लोकाईसमोर बेवडा म्हटलं. सहा वर्सं झाली. मी एक दिवस नाई विसरली.

त्याचा रमचा कारखाना अकोल्याच्या रस्त्यावर हाय. तिथची पांढरी रम आठ वर्सं लाकडाच्या पिंपात मुरते. निंघते तवा चहासारखी असते, मंग तिले कोळशातून गाळलं का रंग जाते. पन कोळसा मोठा हावरा. येळेवर थांबवलं नाई तं रंगासंगं चवबी खाऊन टाकते. केव्हा थांबवाचं हे मशीन सांगत नाई, जीभ सांगते. तीस वर्सं ते जीभ माह्या बाबाची, सूर्यभानची होती. चमचाभर घ्याची, तोंडात फिरवाची, थुंकाची. एक घोट कधी त्याच्या पोटात गेला नाई.

पाच वर्साची रम आठ वर्साची म्हनून विकाले बाबा नाई म्हने. एवढाच त्याचा गुन्हा. मालकानं 'चोरून पेते' म्हनून हाकलला. तवापासून बाबा दर्यापूरच्या जीप स्टॅंडवर झेंडूचे हार विकते, अन् जाताजाता लोकं इचारतात, "काय सूर्यभान, आज किती घेतली?" आईनं लग्नाकार्याले जानंच सोडलं.

मी शिकली अन् त्याच कारखान्यात लॅबमंदी लागली. कोनाची पोर हे मालकाले ठाऊक होतं. तरी घेतलं, कारन बाबाले काढल्यापासून रम पुचाट झाल्ती अन् बापाची जीभ पोरीत उतरली असन असं त्याले वाटे. नाई उतरली. मी त्याले तसं सांगतलंबी नाई. मले तिथं बसून वाट पाहाची होती.

यंदा त्यानं वारसा दालन बांधलं. भिंतीवर त्याच्या आज्याचा फोटो, खाली लिहिलं, 'यांनी रोज स्वतः चाखून ही पद्धत शोधली.' माह्या आंगाची लाही लाही झाली. पन मंग हासू आलं. खुशालरावाचं घरानं दारू विकते, शिवत नाई. हे तो हरेक सभेत छाती फुगवून सांगते, अन् त्यावर कोनी संशय घेतला तं मारायले उठते.

गोव्याहून माल पाहाले एक बाई आल्त्या. मोठा सौदा होता. मालकानं फोटोपाशी उभं राहून आज्याची गोष्ट रंगवून सांगतली. मी ग्लास घेऊन उभी होती. म्या साळसूदपनानं इचारलं, "मालक, म्हंजे तुमचे आजोबा रोज पेत होते?"

तो भडकलाच. "तोंड सांभाळ. आमच्या सात पिढ्यात कोनी थेंब नाई घेतला."

बाईनं भिंतीकडं पाह्यलं, मंग त्याच्याकडं. "मग चाखत कोण होतं?"

"माहा बाप," म्या म्हटलं. "सूर्यभान. याईनं त्याले बेवडा म्हनून काढलं."

बाईनं एक घोट घेतला अन् ग्लास खाली ठेवला. म्हने, "यात काही उरलेलं नाही. तो माणूस परत आला तर बोलू."

त्या गेल्यावर मालक माह्यापाशी आला. "सूर्यभानले बोलाव."

"तुमी जा," म्या म्हटलं. "बाजाराच्या दिवशी. दुपारी."

गेला. मी संगं होती. जीपा भरून राहिल्त्या, मानसंच मानसं. हात जोडून तो पुटपुटला, "सूर्यभान दारुडा नव्हता. मी खोटं बोललो."

"जोरानं," म्या म्हटलं.

त्यानं जोरानं म्हटलं. जीपवाले खाली उतरले. बाबाची मान खाली होती, त्याले मालकाचीच शरम वाटून राहिल्ती. "जाऊ दे न पोरी," तो म्हने. "झालं."

"नाई झालं बाबा. सहा वर्सं झाली." मी मालकाकडं वळली. "अजून एकदा. आईचं नाव घेऊन म्हना. तिलेबी लोकाईनं बेवड्याची बायको म्हटलं."

त्याले आईचं नाव माहीत नव्हतं. तीस वर्सं तिच्या हातची भाकर त्याच्या कारखान्यात येत होती. साऱ्या स्टॅंडसमोर त्याले ते मले इचारा लागलं.

"सुभद्रा," म्या सांगतलं, अन् तो म्हनेपर्यंत तिथून हालली नाई.