उशीर कुणाच्या नावावर

आमच्या कंपनीत चिपला उशीर होत नाही. उशीर कुणाला तरी होतो, आणि ज्याला होतो त्याच्या टीममधला एक माणूस कमी होतो. हा नियम कुठे लिहिलेला नाही. पण मागच्या चिपच्या वेळी चाचणीवाल्यांनी सगळ्यांत आधी तोंड उघडलं आणि त्यांची एक खुर्ची रिकामी झाली, तेव्हापासून सगळे शहाणे झालेत. स्वतःचं काम कितीही मागे असो, दुसरा कुणी ‘उशीर होणार’ म्हणेपर्यंत दातखीळ बसल्यासारखं गप्प राहायचं. दुसऱ्याने एकदा तसं म्हटलं, की त्याच्या उशिरात आपला उशीर फुकटात लपतो.

या वेळची चिप दोन कामं करणार होती: चित्रं रंगवायची आणि नेटवर्कची वाहतूक हाकायची. चित्रांचं काम ज्याच्याकडे, त्याला आम्ही रंगारी म्हणतो. नेटवर्कवाली ती पोस्टमास्तरीण. मेमरी माझ्याकडे, आणि माझ्या टीममध्ये मी आणि दाजी, बस्स. दाजी ऑफिसात कुणाचेच दाजी नाहीत, तरी सगळे त्यांना दाजीच म्हणतात. वय जास्त, पगार जास्त, निवृत्ती हाकेच्या अंतरावर. आमच्यातलं कुणी जायचं ठरलं तर कोण जाईल, हे विचारायची गरज नव्हती.

मेमरी दोन होत्या. एक साधी, कुठेही मिळणारी. तिला चिपशी जोडणारा भाग, म्हणजे तिचा जोड, दाजींनी बनवला होता आणि तो आमच्या टेबलावरच्या बोर्डवर बिनतक्रार चालत होता. दुसरी थरावर थर रचलेली, कितीतरी पट वेगवान, आणि अजून फक्त पुरवठादाराच्या स्लाइडवर जन्मलेली. साहेबांना दुसरी हवी होती. साध्या मेमरीचा वेग पुरतो असं गिऱ्हाइकाने स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं, तरीही. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, तशी त्या न आलेल्या मेमरीवरून आमची भांडणं चालू होती.

मग पुरवठादाराचा फोन आला. नमुने वर्षाअखेरीशिवाय मिळणार नाहीत.

त्या दुपारी रंगारी माझ्यासाठी कॉफी घेऊन आला. “काय ताई, सोमवारच्या मीटिंगमध्ये सांगणार ना?”

इतक्या मायेने त्याने माझी विचारपूस कधी केली नव्हती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याचा ब्लॉक, म्हणजे चिपमधला चित्रांचा भाग, अजून एक धड त्रिकोण काढत नव्हता, आणि हा माझ्या तोंडून उशीर वदवून घ्यायला टपून बसला होता.

घरी सासूबाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. मी सगळं सांगितलं, आवाज चढवूनच. त्यांनी उशीचा अभ्रा झटकला.

“म्हणजे सगळ्यांच्या चुली थंड, आणि सगळे तुझं भांडं सांडायची वाट बघतायत?”

“हो!”

“पण तुझं एक भांडं शिजून तयार आहे ना? मग ते नेऊन ठेव की त्यांच्यापुढे. कोण जेवायला बसतं ते तरी कळेल.”

सोमवारी मी आणि दाजी बोर्ड उचलून मीटिंगलाच घेऊन गेलो.

“नवी मेमरी वर्षाअखेरीशिवाय येत नाही,” मी म्हणाले. “साधी ही बघा, चालू आहे. ही घेतली तर चिप ठरल्या तारखेला कारखान्यात जाईल. आमच्याकडून उशीर नाही.”

मला वाटलं होतं, कुणीतरी निदान ‘वा’ म्हणेल. सगळे सांत्वनाला आल्यासारखे बसले होते.

“साधी मेमरी?” रंगारी म्हणाला. “लोक हसतील आपल्याला.”

“माझ्या नेटवर्कच्या पत्त्यांच्या तक्त्याला त्यात जागा पुरणार नाही गं,” पोस्टमास्तरीण म्हणाली.

“मागच्या महिन्यात तर अर्ध्या जागेत भागतं म्हणाली होतीस!”

“ते वेगळं होतं.”

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. नवी मेमरी त्यांना वेगासाठी नकोच होती. ती उशिरा येणार होती, म्हणून हवी होती. नाचता येईना, म्हणून सगळ्यांना मिळून एक वाकडं अंगण हवं होतं.

“ठीक आहे,” मी उठले. “रंगारी, तुझा ब्लॉक दे. आत्ता. याच बोर्डवर चालवून दाखवते. नाही? पोस्टमास्तरीण, तुझा दे.”

दाजी केबल लावून तयार होते. कुणी काही दिलं नाही. पोस्टमास्तरीण आपल्या नखांकडे बघत बसली.

साहेबांनी चष्मा पुसला. “हे बघा, आपण जरा मोठा विचार करू या. नवीच मेमरी घेऊ. उशीर मेमरीमुळे झाला, असं मी वर कळवतो.”

“मेमरीमुळे नाही, साहेब! मेमरी तुमच्यासमोर टेबलावर आहे. उशीर या दोघांमुळे आहे, आणि ते तुम्हालाही माहीत आहे.”

“ताई, मनाला लावून घेऊ नका.”

चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर संन्याशाने मनाला लावून घ्यायचं नाही! मी बोलतच राहिले असते, पण दाजींनी केबल गुंडाळायला घेतली होती. त्यांना कळलं होतं.

शुक्रवारी ते गेले. खोक्यात एक मग, एक स्वेटर, मुलींचा लहानपणचा फोटो. मीही राजीनामा देते म्हणाले, तर माझ्यावरच डाफरले. “वेडेपणा करू नकोस. तू गेलीस की यांना विचारणारं कुणी उरत नाही.”

पुढच्या आठवड्यात रंगारी माझ्या टेबलाशी आला. इकडेतिकडे बघून त्याने आवाज खाली केला.

“ताई, तो साधा जोड जरा तयार ठेवाल का? नवी आणखी लांबली तर हाताशी असलेला बरा. साहेबच म्हणाले.”

“तो तयार ठेवणारा माणूस तुम्ही घालवलात.”

मला वाटलं, ओशाळेल. छे! त्याने खिशातून मोबाइल काढला.

“दाजींचा नंबर असेल ना तुमच्याकडे? फोनवरच विचारून घेऊ या एक-दोन गोष्टी. ते काही नाही म्हणायचे नाहीत.”

ते नाही म्हणणार नाहीत, हे खरंच होतं, आणि म्हणूनच मला रडू येईल की काय असं वाटलं. मी उभी राहिले.

“आहे ना नंबर. पाठ आहे,” मी म्हणाले, अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. “तुला मिळणार नाही.”