सर्व्हरचं गाऱ्हाणं

ऑक्टोबरातल्या त्या शनिवारी संध्याकाळी सरकारच्या उपनगर पर्जन्य केंद्राच्या वेबसाइटवर मोठा चमत्कारिक अंदाज झळकला. उद्या अंधेरी, घाटकोपर, मुलुंड सगळीकडे लख्ख ऊन पडेल, फक्त बोरिवली पश्चिमेला सकाळी दहा ते दुपारी एक या वेळात ढगफुटी होईल. खाली ठळक अक्षरांत होतं, 'तरी सर्व संबंधितांनी याची नोंद घ्यावी व कोणीही इमारतीच्या गच्चीवर जमू नये, ही विनंती.' बोरिवलीकरांनी बिचाऱ्यांनी नोंद घेतली. भाजीवाल्यांनी गाड्या झाकल्या, दोन साखरपुडे हॉलमधून घरात आले, आणि रविवारी दहा वाजता असं कडकडीत ऊन पडलं की बायकांनी गाद्या उन्हात घातल्या.

केंद्राचे संचालक सुयोग कर्णिक धावतपळत अंधेरीच्या कचेरीत आले. अंदाज त्यांनी टाकला नव्हता. वेबसाइट सांभाळणाऱ्या निधीनेही टाकला नव्हता. म्हणजे कोणीतरी पासवर्ड वापरून आत घुसलं होतं. सोमवारी वर्तमानपत्रांत 'सायबर हल्ला' असे शब्द आले आणि मंगळवारी वरच्या खात्याची चौकशी समिती दारात उभी राहिली.

समितीला चहा देण्याचं काम लवू परबकडे आलं. लवू म्हणजे इथला छत्तीस वर्षांचा जुना माणूस. हुद्दा शिपायाचा, पण आवारातल्या पर्जन्यमापकातलं पाणी रोज सकाळी साडेआठला तोच मोजायचा, त्यामुळे आपण सांगितल्याखेरीज सरकारला पाऊस कळत नाही अशी त्याची पक्की समजूत होती. ती फारशी चुकीचीही नव्हती. महिनाअखेर तो निवृत्त होणार होता. छत्तीस वर्षांत सेवापुस्तकात लाल शाईची एक ओळ नाही, ही गोष्ट तो दहिसरच्या आपल्या इमारतीत लिफ्टमध्ये भेटणाऱ्या परक्या माणसालाही चौथ्या मजल्यापर्यंत ऐकवत असे.

समितीला हल्लेखोरापेक्षा त्याच्या हेतूची जास्त ओढ लागली होती. अध्यक्षांचं मत शत्रुराष्ट्राकडे झुकत होतं. हवामान कळलं की विमानं कळतात, विमानं कळली की सगळंच कळतं, असं त्यांनी बिस्किट चहात बुडवून समजावलं. सायबर शाखेच्या निरीक्षक चेतना यांनी विचारलं की शत्रुराष्ट्र बोरिवली पश्चिमेलाच का येईल, आणि तेही तीन तासांसाठी. त्यावर बिस्किट तुटून कपात पडलं. मग वांद्र्याकडच्या सट्टेवाल्यांची नावं निघाली, विमा कंपन्यांची निघाली, छत्र्यांच्या कारखानदारांची निघाली. पवईच्या एखाद्या हुशार इंजिनीअरने नुसती खाज म्हणून केलं असेल, असंही एक सदस्य म्हणाले. पण अध्यक्षांना शत्रुराष्ट्र सोडवेना. शत्रुराष्ट्रावर ऐंशी पानांचा अहवाल होतो, खाजेवर दोन पानंही होत नाहीत.

हेतू सापडेना तेव्हा समिती माणसाकडे वळली. पासवर्ड फक्त दोघांना ठाऊक होता, कर्णिकांना आणि निधीला. कर्णिक तर संचालक. उरली निधी. मुलुंडची ही पोरगी वर्षभर प्रोबेशनवर होती, डिसेंबरात कायम व्हायची होती. घरी धाकटी बहीण शिकत होती आणि पगार आणणारी ही एकटीच. शुक्रवारी तिच्या हातात सेवा संपल्याचं पत्र द्यायचं ठरलं. कर्णिक मान खाली घालून टाचणीने नखं कोरत बसले.

"पासवर्ड काय होता म्हणालात?" अध्यक्षांनी नोंदीसाठी विचारलं.

निधीने रडक्या आवाजात एकेक अक्षर सांगितलं. इंग्रजीतला मोठा आर, मग बारीक ए, आय, एन, मग अ‍ॅट, मग एक, दोन, तीन.

लवू ट्रे घेऊन जागीच थबकला. ही अक्षरं याच क्रमाने त्याने स्वतःच्या तोंडाने म्हटली होती, आणि तीही खणखणीत आवाजात.

झालं होतं ते असं. खंडेनवमीला कचेरीत दरवर्षी शस्त्रपूजा व्हायची. पूर्वी पर्जन्यमापकाला हळदकुंकू लागायचं, आता सर्व्हरच्या कपाटाला झेंडूची माळ पडत होती. गाऱ्हाणं, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाला मोठ्याने साकडं, घालायचा मान लवूचा, कारण मालवणीत देवाशी बोलणारा कचेरीत तो एकटा उरला होता. गाऱ्हाण्याची त्याच्या वडिलांनी घालून दिलेली रीत पक्की होती. देवापुढे काही मोघम ठेवायचं नाही. कोणाचं रक्षण करायचं त्याचं नाव, गाव, ठिकाण सगळं सांगायचं, नाहीतर कृपा शेजारच्या घरात जाते. सर्व्हरचं नाव-गाव काय, हा प्रश्न त्याला आदल्या दिवशी पडला होता. साहेबांचं टेबल पुसताना कीबोर्डाखाली चिकटवलेली 'सर्व्हर पासवर्ड' अशी चिठ्ठी दिसली आणि त्याला वाटलं, हेच ते.

"हे देवा म्हाराजा," तो हात जोडून म्हणाला होता, "ह्या सर्व्हराचो पासवर्ड इंग्रजीतलो मोठो आर, मगे बारीक ए, आय, एन, मगे तां गोल अ‍ॅटचा चिन्न, मगे एक दोन तीन. ह्येच्यावर कोणाची वाकडी नजर पडली आसात तर ती दूर कर म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," अख्खी कचेरी एका सुरात म्हणाली होती. निधी तेवढी पेढे आणायला खाली गेली होती.

समितीपुढे निधीच्या तोंडून ती अक्षरं ऐकली, त्या संध्याकाळी लवू घरी गेला तो तोंड पाडूनच. गाऱ्हाण्याचं चित्रीकरण कोणीतरी त्याला पाठवलं होतं आणि त्याच्या बायकोने, मालनने, ते कौतुकाने गावच्या ग्रुपवर टाकलं होतं. तिथून कोणीतरी त्याचं रील केलं. ते पन्नास हजार लोकांनी पाहिलं होतं आणि मालन रोज आकडा वाचून दाखवत होती. आज लवूने तिला मोबाइल बाजूला ठेवायला लावून सगळं सांगितलं. कबूल केलं तर पेन्शन अडकेल, निरोपसमारंभ होणार नाही, आणि लाल शाई लागेल ती लागेलच. गप्प बसलो तर कोणाला कळायचंही नाही, हे तो दोनदा म्हणाला.

मालनने तांदळाचं सूप पुढ्यात ओढलं. मग म्हणाली, "त्या चेडवाची नोकरी गेली, तर तुमच्या पेन्शनीचो भात माका गिळूचो नाय."

शुक्रवारी सकाळी लवूने साडेआठला पर्जन्यमापक पाहिला, 'शून्य' लिहिलं, आणि ट्रे न घेताच समितीच्या खोलीत शिरला.

"साहेब, पासवर्ड मी फोडला."

अध्यक्ष ताठ बसले. त्यांच्या डोळ्यांत ऐंशी पानं चमकली. "कोणाला विकलात?"

"विकला नाय. देवाला सांगितला."

मग रील लावण्यात आलं. चेतना निरीक्षकांनी ते भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर लावलं. माळ दिसली, सर्व्हर दिसला, लवू दिसला. मागे हात जोडून कर्णिक होते. आणि कर्णिकांच्या शेजारी, नारळ घेऊन, प्रमुख पाहुणे म्हणून आलेले खुद्द समितीचे अध्यक्ष होते. 'व्हय म्हाराजा' म्हणणाऱ्यांत त्यांचाच आवाज सगळ्यांत वर लागला होता. खोलीत कोणी कोणाकडे पाहीना. कर्णिक छताच्या पंख्याची पाती मोजू लागले.

"तरीही ही माहिती शत्रुराष्ट्राच्या हाती..." अध्यक्षांनी सुरुवात केली.

लवूला आता भीती उरली नव्हती. "शत्रुराष्ट्र नाय साहेब. तो अंदाज वाचा ना परत. सर्व संबंधितांनी नोंद घ्यावी, गच्चीवर जमू नये, ही विनंती. असं आमच्या लिफ्टजवळ दर आठवड्याला लागतं. हा कुठल्यातरी सोसायटीचा सेक्रेटरी आहे."

चेतना निरीक्षक ताडकन उठल्या. त्या रविवारी सकाळी दहा ते एक, गच्चीवर, बोरिवली पश्चिमेत कुठल्या सोसायटीची सर्वसाधारण सभा होती, एवढंच त्यांनी शोधलं. दुपारी तीनपर्यंत माणूस समोर होता. विद्याधर नावाचे अडुसष्ट वर्षांचे सद्गृहस्थ, बँकेतून निवृत्त, इस्त्रीच्या सदऱ्यातले. त्या सभेत इमारतीच्या पुनर्विकासासाठी बिल्डर निवडायचा होता आणि त्यांच्या नावडत्या बिल्डरकडे मतं जास्त होती. सभा पुढे ढकलण्यासाठी त्यांनी कलमं धुंडाळली, आजारपण काढलं, काही चालेना. तेवढ्यात गावच्या ग्रुपवरून फिरत फिरत रील आलं. खरंच उघडतं का बघावं म्हणून त्यांनी घरच्या कॉम्प्युटरवर अक्षरं टाकली आणि ते उघडलं. ढगफुटीचं एवढं काय झालं, असं ते चेतना निरीक्षकांनाच विचारत होते, पंधरा दिवसांची मुदत तर मिळाली ना.

अध्यक्षांचा चेहरा पाहवत नव्हता. एवढा मोठा हल्ला आणि हेतू काय, तर गच्चीवरची सभा. अहवाल अडीच पानांत आटोपला. विद्याधरांवर रीतसर गुन्हा नोंदला गेला. निधीचं पत्र फाडलं गेलं, आणि डिसेंबरात तिला कायम करावं अशी शिफारस खुद्द कर्णिकांनी लिहिली, कदाचित तिने तोंड उघडू नये आणि कीबोर्डाखालची चिठ्ठी अहवालात येऊ नये म्हणून. ती आली नाहीच. पण दोष कोणाच्यातरी नावावर लावावाच लागतो. चिठ्ठी संचालकांची, साक्ष अध्यक्षांची, तेव्हा नाव शिपायाचं लागलं. पेन्शनला धक्का लागणार नव्हता, फक्त सेवापुस्तकात नोंद होणार होती.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी आस्थापना विभागातल्या कुंदाने लाल पेन काढलं. लवू समोर उभा होता, आणि निधी का कोण जाणे, त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली होती. नोंदीचा छापील नमुना होता, त्यात रकाने भरायचे होते.

"गोपनीय माहिती कोणाला दिली?" कुंदाने विचारलं.

"देवाला."

कुंदाने निधीकडे पाहिलं, निधीने मान हलवली, आणि कुंदाने लाल शाईत स्वच्छ अक्षरांत 'ईश्वर' असं लिहिलं.

"हेतू?"

लवूने वाकून त्या रकान्याकडे पाहिलं. आठवडाभर मोठमोठ्या माणसांनी या एका शब्दामागे जीव टाकला होता, पण त्याला कोणी हे विचारलंच नव्हतं.

"लिहा," तो म्हणाला, "कचेरीचं भलं व्हावं."

कुंदाने तेही लिहिलं. लवूने खाली सही केली. त्याला रडू आलं ते नंतर, निधी खाली वाकून त्याच्या पाया पडली तेव्हा.