रेघेचं तिसरं टोक

धक्क्यावर त्याला सगळे सुसाट म्हणायचे. बाहेर नांगरलेल्या जहाजांना पिण्याच्या पाण्याची पिंपं पोचवायची हे त्याचं काम. म्हणजे मुळात हमालीच, पण हा गडी पिंपांनी भरलेली बोटही शर्यतीत उतरल्यासारखी हाकायचा. ताई त्याची थोरली बहीण. वडिलांच्या मागे बोटींना पाण्यात पुढे ढकलणारे पंखे दुरुस्त करायचं दुकान तिने हाती घेतलं, तेव्हा बाईमाणूस पंखा काय दुरुस्त करणार म्हणून हसणाऱ्यांची बंदरात वानवा नव्हती.

आता सुसाट नव्हता. बारा दिवसांपूर्वी बंदराच्या तोंडाशी त्याची भरलेली बोट आडवी झाली, दोन लाटांत पाण्याने भरली आणि बुडाली. तो तिसऱ्या दिवशी सापडला. बांधावरच्या दिवेवाल्याने सांगितलं, इंजिन नुसतं किंचाळत होतं आणि बोट जागची हलत नव्हती. ते ऐकल्यापासून ताई बोट वर निघायची वाट बघत होती.

कारण याचा अर्थ तिच्याइतका कुणालाच कळत नव्हता. पंख्याच्या पोटात रबर असतं. पातं खडकावर आपटलं तर ते रबर घसरतं आणि इंजिनाचे दाते वाचतात. पण तेच रबर उगाच घसरायला लागलं, की इंजिन एकटंच फिरत राहतं आणि पंखा ढिम्म बसतो. सुसाटच्या पंख्यात ते रबर ताईने बसवलं होतं. ते सुटलं की नाही, म्हणजेच भाऊ आपल्या हातून गेला की नाही, एवढं एकच तिला जाणून घ्यायचं होतं.

बुडण्याच्या आदल्या आठवड्यात तो पंखा खांद्यावर टाकून दुकानात आला होता. एका फेरीत बोटीला सतरा इंच पुढे ढकलणारा, पळणाऱ्या बोटींचा पंखा.

"तुला पळायचंय की ओढायचंय?" ताईने विचारलं.

"दोन्ही."

"दोन्ही करणारा पंखा अजून कुणी काढला नाही रे बाबा. भरल्या बोटीला तेराचा लागतो. सतराच्याने इंजिन धापा टाकतं आणि सगळा ताण रबरावर येतो. हा टाकून दे, तेराचा घे."

"तेराचा म्हाताऱ्यांना. तू यातच नवं रबर बसव. की तुला जमणार नाही?"

नेम बरोबर लागला. वडील गेल्यापासून असं काम तिने एकटीने केलं नव्हतं. तिने साबणाचं पाणी लावून प्रेसवर रबर आत दाबलं. ते पाणी पुरतं सुकायला दोन दिवस द्यायचे असतात, नाहीतर रबराची पकड बसत नाही. सुसाटने दुसऱ्याच दिवशी तगादा लावला आणि तिने पंखा देऊन टाकला. घाई त्याची होती, पण धक्क्याला आपलं काम दाखवायची हौस तिचीही होती.

देण्याआधी तिने वडिलांच्या पद्धतीने रेघ ओढली. रबराच्या आत दांड्यावर बसणाऱ्या नळीवरून पंख्याच्या बाहेरच्या कडेपर्यंत पिवळ्या रंगाची एक सरळ रेघ. मग भरली बोट तासभर चालवून आणायची आणि पंखा काढून बघायचा. रेघ सलग असेल तर काम पास. तिची दोन टोकं एकमेकांपासून सरकली असतील तर रबर घसरलं, बोट बाहेर काढायची नाही. बघताना चष्मा लावायचा आणि रेघेवरून नख फिरवायचं. वडील यात सख्ख्या भावालाही सूट देत नसत.

सोमवारी त्याने बोट चालवून पाहिली. मंगळवारी पंखा घेऊन दुकानात आला आणि दारातूनच ओरडला, "मिस्त्री, पास!" दुकानात त्या वेळी तीन गिऱ्हाइकं होती, तीही पूर्वी हसलेली. ताईने लांबूनच पाहिलं. रेघ सलग होती, थोडी जाड वाटली. "उन्हाने सुजली की काय?" असं ती गमतीने म्हणालीसुद्धा. चष्मा कपाटावर होता. उठून घ्यायचा तिला कंटाळा आला, असं ती नंतर स्वतःला सांगायची. खरी गोष्ट अशी, की तिला ती रेघ सलगच हवी होती.

बुधवारी तो बुडाला.

बाराव्या दिवशी पाणबुड्यांनी बोट वर काढली. बंदराच्या अधिकाऱ्याने ताईलाच बोलावलं. पंखा सोडवून कारण लिहून द्यायला दुसरं माणूस नव्हतं. ताई चष्मा लावूनच गेली. पिन जागेवर होती. नट घट्ट होता. दांड्याला जाळ्याची एखादी नायलॉनची दोरी गुंडाळलेली सापडावी म्हणून तिने मनातल्या मनात हात जोडले. दांडा स्वच्छ निघाला. पात्यांना साधा टवकाही नव्हता.

तिने रॉकेलच्या फडक्याने पंख्याचा मधला भाग पुसला. बाहेरच्या कडेवर पिवळं टोक होतं. आतल्या नळीवरचं टोक पाव फेरी पलीकडे गेलं होतं. रबर सुटलं होतं. ती तिथेच ओल्या फळीवर बसली. मग सवयीने तिने नळीवरून नख फिरवलं आणि नख अडलं. एका जागी नळी चाकूने खरवडलेली होती. ओरखड्यांत पिवळा रंग राहिला होता.

एका रेघेला दोन टोकं असतात. इथे तीन होती.

बाहेरचं टोक तिचं. खरवडलेलं टोकही तिचंच. नळीवरचं ठसठशीत टोक तिने ओढलेलं नव्हतं. सोमवारी रबर घसरलं होतं. ते त्याने पाहिलं, तिची खूण खरवडली, बाहेरच्या टोकासमोर नवी काढली आणि मग दुकानात येऊन पास म्हणून ओरडला. बुधवारी रबर पुन्हा घसरलं आणि ती नवी खूणही सरकली.

अधिकाऱ्याच्या कागदावर तिने लिहिलं: रबर सुटलं, ते मी बसवलं होतं. खाली सही केली. तिसऱ्या टोकाबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. गेलेल्या माणसाच्या नावावर आता ते कशाला, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी भावजय दुकानात आली. तिने पुठ्ठ्याचं एक खोकं टेबलावर ठेवलं. "ताई, हे यांच्या नावाने आलंय. उघडा तुम्हीच."

आत कोरा पंखा होता. रुंद पाती, आणि बुडाशी कोरलेला आकडा तेरा. ताईला एकदम हुंदका आला. एवढं डोकं खाल्लं होतं तिने, आणि शेवटी पोराने ऐकलं होतं.

भावजय खोक्यावरची चिठ्ठी वाचत होती. "सोमवारी मागवलाय. पण मंगळवारी तर तुमचं काम पास झालं ना? घरी येऊन केवढे खूश होते. म्हणाले, आता कुठे ताईला लोक मिस्त्री म्हणायला लागलेत. अंगठ्याला पिवळा रंग होता, तो मीच घासून काढला."

जास्तीचा म्हणून मागवला असेल, सगळेच एक जास्तीचा ठेवतात. हे उत्तर ताईच्या जिभेवर तयार होतं आणि ते कुणालाही पटलं असतं. तिने भावजयीच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला ते बोलवेना. तिने बोटीवरून सोडवून आणलेला जुना पंखा पुढे ओढला आणि तिन्ही टोकं एकेक करून दाखवली.

भावजयीने बोट लावून पाहिलं.

"म्हणजे यांना माहीत होतं."

"हो. नवा येईपर्यंत जपून नेईन असं वाटलं असेल त्याला. माझं हसं होऊ नये म्हणून."

"आणि कागदावर काय लिहिलंत तुम्ही?"

"रबर माझं होतं, ते सुटलं."

"हे तिसरं?"

"नाही लिहिलं. त्याच्या नावाला..."

"त्यांनी तुमचा मान राखला, तुम्ही त्यांचा राखलात," भावजय म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "त्यांनी मला तरी सांगायचं होतं. मी बोटीचा दोर सोडू दिला नसता."

ती गेली. खोकं टेबलावरच राहिलं. ताईने चष्मा घातला, जुना पंखा पोत्यात भरून खांद्याला लावला आणि बंदराच्या कचेरीची वाट धरली. तो कागद अजून तिथेच असेल, त्यावर राहिलेलं लिहायचं होतं. धक्क्यावर दोघातिघांनी तिला पाहून "ओ मिस्त्री" म्हणून हाक मारली. तिने एकालाही ओ दिली नाही.